तूप विमानतळावर राहिले

हिंजवडीत राहणाऱ्या माणसाला परदेश काही फार लांब वाटत नाही. आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडे आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांतले कोणी ना कोणी सातासमुद्रापलीकडे गेलेले आहे, जाणार आहे किंवा नुकतेच परतले आहे. आमच्या लहानपणी माणसे “जरा मंडईत जाऊन येतो” असे ज्या सुरात म्हणत, त्याच सुरात इथली मुले लिफ्टमध्ये सांगतात, “काकू, सोमवारी ऑनसाइटला चाललो.” पण त्या सोमवारच्या आदल्या रात्री त्याच मुलाची आई माझे दार वाजवते. चेहरा कावराबावरा, हातात बरणी. “काकू, लोणचं असंच नेऊ द्यावं की पिशवीत बांधावं? आणि तूप चालेल ना हो?”

मी काही प्रवासी कचेरी चालवत नाही. उभ्या आयुष्यात परदेशी गेले ती एकदाच, तेही नव्वद दिवसांसाठी. परंतु ‘जिचे दोन किलो साजूक तूप विमानतळावर राहिले ती बाई’ म्हणून आमच्या आवारात माझी ख्याती आहे. त्या तुपाची हकीकत आज सांगणार आहे. तुपापाशी सुरू होणारी ही गोष्ट तुपापाशीच संपत नाही, एवढे मात्र आधीच सांगून ठेवते.

माझी मुलगी इथल्याच एका कंपनीत नोकरीला लागली. आम्ही दोघांनी शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर तिच्याजवळ म्हणून हिंजवडीत घर घेतले. हे गाव मुळशी तालुक्यातले. मुळशी म्हणजे आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. म्हातोबा हे ग्रामदैवत, चैत्रात त्याचे बगाड निघते. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता काचेचे मनोरे उभे आहेत. माझ्या भाजीवाल्या मावशी रस्त्यापलीकडच्या एका मनोऱ्याकडे बोट दाखवून सांगतात, “तिथं आमचा गोठा व्हता.” त्या आपल्याच गावात परक्या झाल्यासारख्या बसतात, आणि केरळ, बिहार, विदर्भ, कोकण येथून आलेली मुले त्यांच्याकडे आपापल्या घरची भाजी शोधत येतात. एकाला अंबाडी हवी असते, दुसऱ्याला परवल, तिसऱ्याला नुसता ओळखीचा कढीपत्ता. तेव्हा परदेश कुठे सुरू होतो, हे मला नकाशावरून सांगता येणार नाही. ज्याच्या पोटाला त्याचे त्यालाच ते कळते.

2019 साली कंपनीने मुलीला जर्मनीत श्टुटगार्टला पाठवले. लग्नही झाले होते. जावईही तिथेच कामाला. दोन वर्षांत परत यायचे असे ठरले होते. मग कोरोनाची साथ आली. 2021 च्या मे महिन्यात आमच्या घरातला कर्ता माणूस गेला. मुलीला येता आले नाही. तिने वडिलांना निरोप दिला तो टेलिफोनच्या पडद्यावर. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येई. हवामान, नोकरी, बागेतली फुले, सगळ्या विषयांवर आम्ही बोलत असू. त्या एका विषयावर मात्र ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही.

2022 च्या पावसाळ्यात कळले की तिला दिवस राहिले आहेत. जानेवारीत बाळंतपण. बाळंतपण आईच्या हातचे व्हायचे, हे आमच्याकडे ठरलेलेच. मी पासपोर्ट काढला, व्हिसा काढला आणि तयारीला लागले.

तयारी म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. मेतकूट केले: हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू भाजून, त्यात मेथी, मोहरी, सुंठ, हळद, हिंग, जायफळ घालून दळले. भाजणी केली. गोडा मसाला, डिंक, खारीक पूड, सेंद्रिय गूळ, दोन किलो आंबेमोहोर. ओटीसाठी एक नारळ. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, महिनाभर साय साठवून, विरजून, घुसळून, कढवलेले दोन किलो तूप. स्टीलच्या डब्यात भरून त्याला वरून कणकेने लिंपले होते. माहेरचे तूप बाळंतिणीच्या पोटात गेले की माझी जबाबदारी संपली, असे मला वाटत होते.

तिकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. माणूस सभ्य होता. त्याने मेतकूट हुंगले, भाजणी हुंगली, बाजूला ठेवली. नारळ हातात घेऊन हलवला, पाण्याचा आवाज ऐकून हसला, तोही ठेवला. मग तुपाचा डबा उघडला आणि मान हलवली. कढीपत्त्याची जुडी उचलली आणि पुन्हा मान हलवली. मी मोडक्या इंग्रजीत सांगितले की मुलगी बाळंतीण होणार आहे. त्याने माझे अभिनंदन केले, आणि डबा तेवढा ठेवून घेतला.

पुढे मला त्याचे कारण कळले. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दूध, तसेच त्यांपासून केलेले पदार्थ आणता येत नाहीत. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का सारे बाद. ताजी फळे, भाज्या, पाने यांना 2019 च्या डिसेंबरपासून रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळे, खजूर आणि डुरियन. कढीपत्ता गेला आणि नारळ सुटला तो यामुळे. भाजून दळलेली कोरडी पिठे मात्र सुखरूप पार होतात. आमच्या आज्यांनी काशीयात्रेसाठी जे पदार्थ योजले तेच विमानालाही चालतात, कारण न्याय एकच: पाणी नाही तर नासणे नाही. देशोदेशीचे नियम मात्र निराळे. आपल्या अनारशांवरची खसखस सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत नेणे हा गुन्हा ठरतो, तर जर्मनीत तिच्या थरांचे केक बेकरीत उघड्यावर मांडलेले असतात!

मी घरी पोहोचले ती रिकाम्या हाताने आल्यासारखी. बाहेर बर्फ पडत होते. मुलगी दारात उभी होती. मला वाटले, गळ्यात पडेल. ती म्हणाली, “आलीस? दमली असशील,” आणि माझी बॅग आत घेऊन गेली.

आठ दिवसांत नातू झाला. आई-बाळ दोघे सुखरूप. पण घरी आल्यावर मुलगी जेवेना. मी भाकरी केली, दोन घास खाऊन ताट सारले. डिंकाचे लाडू जावयांनी बाजारातले बुटरश्माल्त्स, म्हणजे तिकडचे डबाबंद तूप, आणून करवले. दिसायला उत्तम, वास नाही. लाडू तसेच राहिले. ती खिडकीतून बाहेर बघत बसे, आणि विचारले तर म्हणे, “काही नाही गं.” रात्री बाळाला पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असलेले मी दोनदा पाहिले.

तिकडे बाळंतिणीच्या घरी सुईण येऊन तपासून जाते. तिला हेबामे म्हणतात. पहिल्या दहा दिवसांत ती रोज येऊ शकते आणि तिचा खर्च आरोग्यविमा देतो. आमची हेबामे पन्नाशीची, धिप्पाड, भारदस्त बाई होती. तिने बाळाचे वजन केले आणि मग मुलीला काहीतरी हळू आवाजात विचारले. जावयांनी मला नंतर समजावले, “आई, ती म्हणते, पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचंच आहे. पण दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, अंगावर काढायचं नाही.” माझ्या पोटात गोळा आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला आनंदीबाई जोशी आठवल्या. शाळेत दर वर्षी मी मुलींना त्यांचा धडा रंगवून सांगत असे: 1883 साली अठरा वर्षांची पोर एकटी अमेरिकेला गेली, साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात क्षयाने गेली. तिच्या पदवीच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र असाच होता. धडा सांगताना मी तिच्या धैर्याविषयी खूप बोलले. त्या परक्या थंडीत, एकट्याने, ती रोज काय शिजवून जेवत असेल, हा प्रश्न मात्र तीस वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जावयांना म्हटले, “मला तुमच्या दुकानात घेऊन चला. लोण्याचं कपाट दाखवा.” कपाटात अडीचशे ग्रॅमच्या वड्या रचलेल्या होत्या. जावई वेष्टने वाचून दाखवू लागले. एक गोड सायीचे लोणी, आणि दुसरे साउअरराम, म्हणजे आंबवलेल्या सायीचे. मी तिथेच थांबले. अहो, आपले लोणी तरी दुसरे काय असते? साय विरजायची आणि मग घुसळायची. डबाबंद तुपाला वास नव्हता याचे कारण मला तिथे उमगले. चार वड्या घेतल्या. त्याच दुकानात ‘ग्रीस’ नावाचा गव्हाचा रवा सापडला, राजगिरा सापडला, चक्क्याचा सख्खा भाऊ शोभेल असा ‘क्वार्क’ सापडला, आणि दुधात शिजवून गोड खीर करण्यासाठी ठेवलेला आखूड, चिकट तांदूळ सापडला. तो पाणी जास्त घालून शिजवला की त्याचा छान गुरगुट्या भात होतो.

घरी येऊन लोणी मंद आचेवर ठेवले. फेस आला, विरला. तडतड थांबली, खाली तांबूस साका धरू लागला आणि खमंग वास सुटला. परक्या देशातल्या, बंद खिडक्यांच्या त्या घरात तो वास खोलीखोलीतून फिरला. वासाच्या संवेदना मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या जागी फार जवळच्या वाटेने पोहोचतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. मला त्या दिवशी शास्त्राचा पुरावा लागला नाही. मी तूप गाळत होते, तोच पाठीमागून आवाज आला.

“बेरी टाकलीस?”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बेरी म्हणजे तूप कढवल्यावर तळाशी उरणारा तो तांबूस साका. आमच्या घरी ती साखर घालून खायची आणि तिचे वाटे करण्याचा अधिकार वडिलांचा. दोन चमचे घेऊन ते सोनाराच्या काट्याने तोलल्यासारखे दोन वाटे करत आणि मग मोठा वाटा हळूच हिच्या बाजूला सरकवत. तेच तिला ताप आला की मेतकूट-भात कालवून भरवत. उभ्या आयुष्यात त्यांना तेवढाच एक पदार्थ करता येत असे.

मी भांडे पुढे केले. तिने साखर घेतली, ओट्याशी उभ्या उभ्या एक चमचा खाल्ला, आणि चमचा खाली ठेवून म्हणाली, “आई, तू मला येऊ नको का म्हणालीस?”

दीड वर्ष ज्या प्रश्नाला मी भीत होते तो हाच. ते दवाखान्यात होते तेव्हा हिने रोज फोन केला होता: मी येते, काहीतरी करून तिकीट मिळवते. मीच तिला म्हटले होते, “तू येऊ नकोस. विमानं धड नाहीत, इथे साथ आहे. बाबा चार दिवसांत घरी येतील.” चौथ्या दिवशी ते गेले.

मी तिला नियमांची, विमानांची कारणे सांगू शकले असते. पण तोंडातून निघाले ते एवढेच: “मला खरंच वाटलं होतं गं, ते घरी येतील. चुकलं माझं.”

ती ओट्याला टेकून रडली, मीही रडले. आत बाळ उठले आणि तेही रडू लागले. जावई तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्या खिरीच्या तांदळाचा भात झाला, त्यावर हिंजवडीचे मेतकूट आणि श्टुटगार्टचे तूप. तिने दोनदा मागून घेतला. सगळे दुःख त्या एका ताटात सरले असे मी म्हणणार नाही. पुढेही कितीतरी दिवस ती मधूनच गप्प होई. पण आता ती गप्प झाली की मी विचारत असे आणि ती सांगत असे. हेबामेने दोन आठवड्यांनी मान डोलावली.

आता अळिवाची गोष्ट. बाळंतिणीसाठी अळीव हवेतच. लोह भरपूर, आणि दूध येण्यासाठी जुन्या बायका ते आवर्जून देतात. मी पाव किलो आणून निवडून ठेवले होते आणि ते हिंजवडीतच फ्रिजवर राहिले होते! जाताना नारळ आठवला, अळीव विसरले. एके दिवशी हेबामे येताना तिच्या घरच्या कोवळ्या हिरव्या पाल्याचे एक बशीएवढे रोप घेऊन आली. ओल्या कापसावर पेरलेले इवलेसे रान. तिने पाल्याची कात्रीने कापणी केली आणि लोणी लावलेल्या काळ्या पावावर भुरभुरवून मुलीला दिला. तिकडे संध्याकाळी असे गार पाव-लोण्याचेच जेवण असते. मला मनातून राग आला होता. ओल्या बाळंतिणीला गार पाव! मी नाक मुरडून त्या बशीत डोकावले, आणि पाहते तो काय, कापसावर न उगवलेल्या काही तांबूस बिया होत्या आणि प्रत्येक बीभोवती बुळबुळीत, पारदर्शक गर धरलेला. हा गर मी जन्मभर पाहत आले आहे. “अगं, हे तर अळीव!” मी ओरडले. जावयांनी पुस्तकात पाहिले. खरेच होते. ते लोक त्याला ‘क्रेसे’ म्हणतात. वनस्पती एकच, ते तिचा पाला खातात, आपण बी. शाळकरी मुलेसुद्धा खिडकीत कापसावर पेरतात म्हणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सेंद्रिय मालाच्या दुकानातून खाण्याचे बी आणवले. पेरणीच्या बियाण्याला कधी कधी औषध लावलेले असते, म्हणून तेवढी काळजी घेतली. ओटीचा नारळ फोडला. नारळाच्या पाण्यात बी भिजवले, खोबरे आणि गूळ घालून आटवले, वर जायफळ. नारळ माझा, गूळ माझा, अळीव जर्मनीचे. बारा लाडू झाले. एक हेबामेला दिला. तिने अर्धा खाल्ला, थोडा विचार केला, आणि उरलेला पिशवीत ठेवत म्हणाली की आपल्या आईला दाखवते. हे बी असेही खातात हे म्हातारीला पटणार नाही.

ज्यांना हे सारे हौसेचे वाटते, त्यांना मी लंडनची गोष्ट सांगते. 2009 च्या मंदीत नोकरी गेलेला सुजय सोहनी आणि त्याचा मुंबईच्या कॉलेजातला मित्र सुबोध जोशी यांनी 2010 मध्ये लंडनच्या हाउन्सलो भागात वडापाव विकायला सुरुवात केली. सुरुवातीला दुसऱ्याच्या दुकानातली थोडीशी जागा भाड्याने घेऊन. त्याचे पुढे मोठे उपाहारगृह झाले. इंग्लंडात अन्नाची वाण होती म्हणून हे दुकान चालले, असे थोडेच आहे? त्याच शहरात 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे. माणसे एकत्र येतात तेव्हा पहिली सोय सभेची होते आणि दुसरी पंगतीची. बहुतेकांचे लक्ष दुसरीकडे असते.

हिंजवडीला परत आले त्याला आता बराच काळ लोटला. गेल्या वर्षी आमच्या इमारतीत एक जर्मन जोडपे राहायला आले. नवरा चाकणच्या एका कारखान्यात. चाकण पट्ट्यात जर्मन कारखाने पुष्कळ. बायको दिवसभर घरी. लिफ्टमध्ये भेटली की हसायची, पण ते हसू मी ओळखत होते. खिडकीतून बाहेर बघत बसणाऱ्याचे ते हसू. एकदा तिने खुणेने आणि इंग्रजीने विचारले, इथे घट्ट काळा पाव कुठे मिळतो? पाव मला ठाऊक नव्हता. मी खाली वाण्याकडे गेले, शंभर ग्रॅम अळीव घेतले आणि तिच्या हातात पुडी ठेवली. “क्रेसे,” मी म्हटले. तिने बी हातावर घेतले आणि माझ्याकडे पाहिले. तिचा विश्वास बसला नाही.

आठवडाभराने दार वाजले. तिच्या हातात बशी होती. मैद्याचाच पाव, पण त्यावर लोणी आणि वर हिरवा पाला. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून तो खाल्ला. ती काहीच बोलली नाही, आणि मीही काही विचारले नाही. विचारायचे ते पुढच्या भेटीत विचारीन. आता ती दर गुरुवारी येते.

या दिवाळीला मुलगी येते आहे. नातू तिसरे वर्ष संपवत आला. परवा फोनवर तिने विचारले, “आई, येताना तुला काय आणू?” मी म्हटले, “काही नको, तूच ये.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तूप कढवशील तेव्हा मी आल्यावर कढव. बेरी ठेव.”

गेले पंधरा दिवस मी साय साठवते आहे. बेरीचे वाटे या खेपेला मला करायचे आहेत. दोन चमचे काढून ठेवले आहेत. नातवासाठी तिसरा, लहानसा, शोधते आहे.